लॉनमधलं तीन पानांचं तण: आधी ओळख, मग खुरपं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तळेगावला बंगला, पुढे साधारण हजार चौरस फुटांचं ‘सिलेक्शन’ जातीच्या गवताचं लॉन, चार वर्षांपूर्वी टाकलेलं. गेल्या पावसाळ्यापासून त्यात क्लोव्हर हे तीन पानांचं तण घुसलंय आणि आता गवतापेक्षा तेच जास्त दिसतं. माळी म्हणतो फवारून मोकळे होऊ. न्यू जर्सीतला मुलगा म्हणतो हात लावू नका, ते जमिनीला नत्र देतं, आम्ही इकडे मुद्दाम पेरतो. तुम्ही ऑनलाइन एक ‘क्लोव्हर किलर’ची बाटली मागवून ठेवली आहे, आणि आंब्याखाली गवत टिकत नाही तिथे मायक्रोक्लोव्हरचं, म्हणजे बारीक पानांच्या क्लोव्हरचं, बी टाकावं का, असंही विचारलंय.

बाटलीपासून सुरुवात करतो, कारण ती रविवारी उघडली जाईल अशी भीती वाटते. उघडू नका. परत होत असेल तर परत करा. कारण पुढे येईलच.

तुम्ही पाठवलेल्या दोन फोटोंत दोन वेगळी तणं आहेत, आणि दोन्हींपैकी एकही क्लोव्हर नाही. माळ्याचा सल्ला आणि मुलाचा सल्ला यांतला कोण बरोबर, हे ठरवण्याआधी हे लक्षात घ्यायला हवं. मुलगा ज्या झाडाबद्दल बोलतोय ते तुमच्या अंगणात नाहीच.

पहिल्या फोटोत, व्हरांड्याच्या पायरीजवळ आहे ती आंबुशी. कोणी आंबुटी म्हणतं, आयुर्वेदात तीच चांगेरी. पानाची प्रत्येक पाकळी बदामाच्या आकाराची, मधोमध घडी, टोकाला खाच. फूल पिवळं, पाच पाकळ्यांचं. फवारणी झालेली नसेल तर एक पान चावून बघा, आंबट लागलं की विषय संपला. दुसरा फोटो फाटकाजवळचा, जिथून गाडी आत येते. ती रानमेथी. पानं खूप बारीक, पाकळी देठाकडे निमुळती आणि टोकाला किंचित खाचलेली, फूल इवलंसं जांभळट-गुलाबी, आणि शेंग चपटी, सांध्या-सांध्यांची. ही जमिनीला इतकी चिकटून सरपटते की लॉन मशीनचं पातं तिच्यावरून नुसतं फिरून जातं.

खरं पांढरं क्लोव्हर या दोघांपेक्षा मोठ्या पानाचं असतं. पाकळी लंबगोल, कड बारीक दातेरी आणि पानावर बहुतेक वेळा फिकट पांढरा पट्टा, उलट्या व्ही अक्षरासारखा. फुलाचा पांढरा गोंडा पानांच्या वर उभा राहतो. हे थंड हवेचं झाड आहे. काश्मीरमध्ये, सिमल्याला, उटीच्या हिरवळीत ते आपोआप येतं. पुणे-तळेगावचा एप्रिल-मे त्याला झेपत नाही. पानं रात्री मिटतात म्हणून ते क्लोव्हर, असं कोणी सांगितलं तर त्यावर जाऊ नका, आंबुशीही रात्री पानं मिटते.

शंका उरलीच तर आणखी एक खात्रीची खूण आहे. जमीन ओली असताना फाटकाजवळचं रानमेथीचं एक झाड खुरप्याने मुळासकट, मातीच्या ढेकळासह उचला आणि बादलीतल्या पाण्यात हळूच खळबळा. मुळांना मोहरीएवढ्या किंवा त्याहून बारीक गाठी दिसतील. एक गाठ नखाने फोडली आणि आतून गुलाबी निघाली, तर ती काम करतेय, म्हणजे तिच्यातले जिवाणू हवेतला नत्र बांधताहेत. आता तसंच आंबुशीचं झाड धुऊन बघा. गाठी नाहीत. आंबुशी द्विदल कडधान्यांच्या कुळातली नाहीच, तिचा आणि नत्राचा संबंध एवढाच की तुम्ही गवताला घातलेला नत्र तीही खाते.

म्हणून मुलाचं म्हणणं फाटकाजवळ अर्धं लागू पडतं आणि पायरीजवळ अजिबात नाही.

त्याच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. अमेरिकेत पूर्वी लॉनच्या बियाण्यात क्लोव्हर मिसळूनच विकलं जायचं. 1940 च्या दशकात 2,4-डी हे तणनाशक आलं. त्याने रुंद पानांची तणं मरायची आणि गवत राहायचं, पण त्या तणांबरोबर क्लोव्हरही मरायचं. तेव्हापासून ते हळूहळू तणांच्या यादीत गेलं, आणि आता खताचा आणि पाण्याचा खर्च वाचवायला लोक परत त्याच्याकडे वळताहेत. तिकडच्या थंड हवेत, तिकडच्या गवतांबरोबर हे शहाणपणाचं आहे. फक्त एवढं लक्षात ठेवा की बांधलेला नत्र शेजारच्या गवताला लगेच मिळत नाही. पानं, मुळं, गाठी कुजल्या, कापलेलं तिथेच पडून मुरलं, की मग मिळतो.

आता तुमचा खरा प्रश्न. तो ‘कोणतं औषध मारू’ हा नाही. चार वर्षं धड असलेलं लॉन एकाच वर्षात असं विरळ का झालं, हा आहे. सिलेक्शन म्हणजे आपल्या हरळीचीच निवडलेली बारीक जात. हरळी काय चिवट असते ते कोणत्याही शेतकऱ्याला विचारा, तिला शेतातून काढता काढता पिढ्या गेल्या. ती हरळी जर अंगणात आंबुशीपुढे हरत असेल, तर आपण तिला हरवायला मदत करतोय. ती कशी, हे मी तुमच्या लिहिण्यावरून आणि फोटोंवरून सांगतो.

तुम्ही लिहिलंय, ‘रोज संध्याकाळी दहा मिनिटं पाइपने पाणी मारतो.’ माझ्या मते निम्मं उत्तर इथेच आहे. दहा मिनिटांच्या शिडकाव्याने वरची अर्धा इंच माती भिजते, खाली कोरडं राहतं. आंबुशीची मुळं वरच्याच थरात, आणि तिचं बीही वरच्या थरात, उजेडात रुजतं. तिला रोज ओली राहणारी वरची माती म्हणजे हवं तेच. हरळीची मुळं खोल जाऊ शकतात, पण खाली पाणीच नसेल तर ती कशाला जातील? तीही वरच राहतात, आणि मग चैत्रात दोन दिवस पाणी चुकलं की गवत पिवळं पडतं आणि त्या मोकळ्या जागेत तण शिरतं.

उलटं करा. पाणी कमी वेळा द्या, पण देताना भरपूर. तळेगावच्या उन्हाळ्यात हिशोब धरायचा तो आठवड्याला साधारण एक इंच पाण्याचा. हजार चौरस फुटांना एक इंच म्हणजे 2,300 लिटरच्या आसपास. हा आकडा मुद्दाम देतोय, कारण तो ऐकून पुष्कळ लोक लॉन निम्मं करायचा निर्णय घेतात, आणि तोही चांगलाच निर्णय आहे. एक इंच मोजायचा कसा? सरळ भिंतीचे दोन-तीन रिकामे डबे लॉनवर ठेवा, पाणी मारा, आणि डब्यात पट्टी धरून बघा. तुमचा पाइप किती वेळात किती देतो ते एकदाच कळलं की पुरे. हे पाणी आठवड्यातून दोनदा, फार तर तीनदा विभागून द्या. किती वेळा, हे मातीवर ठरेल. प्लॉट मुरूम टाकून भरलेला असेल, आणि तळेगावकडच्या बंगल्यांचे बहुतेक असतातच, तर पाणी लगेच निचरतं, तिथे तीनदा. खाली काळी माती असेल तर दोनदाही जास्त होईल. पाणी दिल्यावर दुसऱ्या दिवशी लांब पेचकस जमिनीत खुपसा, चार-पाच इंच सहज गेला तर पाणी पोचलं. हिवाळ्यात याच्या निम्मं, आणि पावसाळ्यात पाइप गुंडाळून ठेवा. पावसाळ्यात सवयीने पाणी मारणारी माणसं मी बघितली आहेत, हसू नका.

दुसरं कारण कापणी. फोटोत गवत अगदी तासून काढलेलं आहे, खालची पिवळी काडी दिसतेय. माळी आठवड्यातून एकदा येतो, त्याला वाटतं खोल कापलं की पुढच्या वेळी काम कमी. पण गवताची पानं गेली की ते अन्न कशावर बनवणार? आंबुशी आणि रानमेथी तर पात्याच्या खालीच राहतात. म्हणजे प्रत्येक कापणीत मार गवताला बसतो आणि ऊन तणाला मिळतं. सिलेक्शन सव्वा ते दीड इंचावर ठेवा, आणि एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कधीच कापू नका. पावसाळ्यात त्यासाठी आठवड्याला एक कापणी लागेलच. माळ्याला मशीनचं चाक एक खाच वर करायला सांगा, यात त्याचं काहीच वाढीव काम नाही.

तिसरं कारण खत. तुम्ही म्हणता दर दिवाळीला एक ट्रॉली शेणखत टाकतो. शेणखत वाईट नाही, पण अर्धवट कुजलेलं, न चाळलेलं शेणखत आणि वर लाल माती म्हणजे तणाचं बी विकत आणून पेरणं. शिवाय दिवाळीनंतर थंडी येते, हरळी मंदावते, आणि आंबुशी त्याच गारव्यात जोमाने वाढते. म्हणजे ताट वाढलं एकाला आणि जेवलं दुसरंच. हरळीला खायला द्यायचं ते ती वाढत असताना: जूनअखेर, ऑगस्ट, सप्टेंबरअखेर, आणि थंडी सरल्यावर फेब्रुवारी-मार्चमध्ये एकदा. युरिया असेल तर हजार चौरस फुटांना एका वेळी अर्धा किलो, त्यात 46 टक्के नत्र असतो. अमोनियम सल्फेट असेल तर किलोभरापेक्षा थोडं जास्त, त्यात 21 टक्के. गवत कोरडं असताना दोन दिशांनी विखरा, आणि लगेच पाणी द्या, नाहीतर पानं भाजतात. नर्सरीवाला तुम्हाला 19:19:19 किंवा डीएपी असं स्फुरद असलेलं खत देऊ करेल. फाटकाजवळच्या भागात ते टाकू नका. त्यातल्या स्फुरदाचा जास्त फायदा रानमेथीसारख्या द्विदलांना होतो, गवताला मागे पडलेली शर्यत जिंकायला हवा असतो तो नत्र.

रानमेथीचं गणित इथेच सुटतं, म्हणून तिचं आधी संपवतो. ती तिथे का आली? तिथून गाडी जाते, माती दाबली गेलीय, गवताला नत्र मिळत नाही. रानमेथीकडे नत्राची स्वतःची सोय आहे, तिला तुमच्या खताची गरज नाही. जिथे गवत उपाशी तिथे ती, असा सरळ हिशोब. तिथली जमीन पावसाच्या उघडिपीत बागेच्या काट्याने चार इंच खोल टोचून मोकळी करा, भोकांत चाळलेली वाळू आणि कंपोस्ट झाडूने ढकला, वर सांगितल्याप्रमाणे नत्र द्या, कापणी उंच ठेवा. दोन हंगामांत गवत तिला बरंच मागे रेटतं. पूर्ण जाईल का? नाही. आणि खरं सांगायचं तर गाडीच्या चाकाखाली, जिथे गवत तसंही तग धरत नाही, तिथे मी माझ्या गिऱ्हाइकांना रानमेथी राहूच द्या म्हणतो. हिरवी राहते, पाणी कमी लागतं, पाय पडला तरी चालतं. तुमच्या मुलाला हवं असलेलं क्लोव्हर लॉन आपल्याकडे कुठलं असेल, तर ते हेच.

आंबुशीला मात्र नुसत्या खताने काही होत नाही. तिथे हाताने काढण्याला पर्याय नाही, आणि काढण्याची वेळ हीच सगळी कला आहे.

आंबुशीची शेंग बघा. भेंडीचं बारीक पिल्लू देठावर उभं राहावं तशी ती दिसते, आधी हिरवी, मग फिकट. पिकलेल्या शेंगेला बोट लावलं की ती तडकते आणि तांबूस-तपकिरी बारीक दाणे उडून बोटाला, मनगटाला चिकटतात. तुमच्या अंगाला चिकटले तेवढे कमीच, बाकीचे चार-सहा फुटांवर जाऊन पडले. आता विचार करा, अशा शेंगांवरून माळी लॉन मशीन फिरवतो तेव्हा काय होतं. म्हणून क्रम पक्का ठेवा: आधी खुरपणी, मग कापणी. आणि खुरपणी शेंग हिरवी असताना किंवा त्याहून आधी, पहिलं पिवळं फूल दिसलं की. पिकलेल्या शेंगा दिसत असतील तर पहाटे दव असताना काढा, ओल्या शेंगा कमी तडकतात.

काढायची पद्धत. माती वाफशावर हवी, म्हणजे हाताला चिकटू नये आणि ढेकूळही होऊ नये. कोरड्यात ओढलं तर वरचा पाला हातात येतो आणि बूड जमिनीत राहतं, आठ-दहा दिवसांत परत हजर. आंबुशीच्या पसाऱ्यात बोटं घालून आधी मधलं बूड शोधा. तिथे एक जाडसर मूळ सरळ खाली गेलेलं असतं, आणि तिथूनच बारीक तांबूस काड्या गवतातून चहूकडे पळालेल्या असतात. प्रत्येक काडीला पेरापेराशी मुळ्या फुटलेल्या असतात, तिथून ती नव्याने झाड होते. अरुंद पात्याचं खुरपं बुडाशेजारी तिरकं दोन इंच घाला, बूड उचला, आणि मग एकेक काडी जमिनीलगत धरून, झटका न देता, पेर सुटत सुटत बाहेर काढा. पुढच्या पेरावर तुटली तर तिथे परत खुरपं. काढलेलं सगळं बादलीत, लॉनवर किंवा कंपोस्टच्या खड्ड्यात नाही. खड्ड्यात टाकलं तर पुढच्या वर्षी तुम्हीच ते खताबरोबर परत पसरवाल.

एका खुरपणीत काम होत नाही. पहिल्यानंतर तीन आठवड्यांनी बारीक रोपं दिसतील, तेव्हा दुसरी. मग महिन्याने नजर. या वर्षीची शेंग पडू दिली नाही तर पुढच्या वर्षी तण निम्म्याच्या खाली यायला हरकत नाही, पण जमिनीत आधीच पडलेलं बी रुजतच राहणार, तेव्हा दोन वर्षांचा विचार करूनच कामाला लागा. माळ्याला तासाचे वेगळे पैसे द्या आणि ‘आज कापणी नको, फक्त आंबुशी’ असं सांगा. कापणीबरोबर उरल्या वेळात कर म्हटलं की वरवरचा पाला ओरबाडला जातो. दोष त्याचा नाही, त्याला अजून तीन बंगले करायचे असतात.

आणि बी येतं कुठून, तेही बघा. जवळजवळ प्रत्येक बागेत उत्तर एकच सापडतं: कुंड्या. पायरीजवळच्या कुंड्या, पेव्हर ब्लॉकच्या फटी, भिंतीकडची गटाराची कड. नर्सरीतून आणलेल्या रोपाच्या पिशवीत आंबुशी फुकट मिळते. तुमच्या फोटोत पायरीवर जास्वंदीची कुंडी आहे, तिच्या काठावरून आंबुशी खाली लोंबतेय. लॉन कितीही खुरपलं आणि ती कुंडी तशीच ठेवली, तर दर महिन्याला तिथून पुरवठा चालू. नवं रोप आणलं की वरची इंचभर माती काढून टाका आणि नवी घाला. पेव्हरच्या फटींत उकळतं पाणी ओता, तिथे चालतं, लॉनवर नाही. मीठ मात्र कुठेच नको. यूट्यूबवर मीठ-व्हिनेगरचा जो काढा दाखवतात त्याने पाला करपतो, बूड शिल्लक राहतं, आणि मीठ मातीत राहतं ते वेगळंच.

कुंड्यांकडे बघताना आणखी एक तपासा. मोठ्या पानांची, गुलाबी फुलांची आंबुशी दिसली तर तिला ओढू नका. तिच्या बुडाशी बारीक कंद असतात, ओढलं की ते सुटून मातीत विखुरतात आणि एकाची वीस होतात. ती सगळी माती काढून, चाळून, कंद वेचावे लागतात. लॉनमध्ये ती अजून दिसत नाही, सुदैव.

काढल्यावर जे टक्कल पडेल ते उघडं ठेवू नका. उघडी माती म्हणजे पुढच्या बियाला आमंत्रण. चाळलेली माती आणि कंपोस्ट निम्मं-निम्मं भरा, आणि लॉनच्या कडेने वाढून फरशीवर आलेल्या हरळीच्या काड्या कापून, दोन-तीन पेरांचे ठोंब करून तीन-चार इंचांवर लावा. विकत काही आणायला नको. तळेगावच्या पावसात ते महिनाभरात भरून निघतं. गवताची तयार लादीच (मातीसकट कापलेला गवताचा तुकडा) टाकायची असेल, तर उरुळी कांचनकडच्या नर्सऱ्यांत मिळते, पण घेण्याआधी लादी उलटीपालटी करून बघा. आंबुशी आणि लव्हाळा लादीबरोबरच येतात. लव्हाळ्याची गाठ दिसली तर ती लादी तिथेच ठेवून या, त्याच्यापुढे आंबुशी म्हणजे पाहुणी.

आता फवारणी, कारण माळी पुन्हा विचारेल.

आपल्याकडे बाजारात सहज मिळणारं रुंद पानाचं तणनाशक म्हणजे 2,4-डी. हरळीला ते फारसं करत नाही हे खरं. रानमेथीवर त्याचा परिणाम होतो, आंबुशीवर मात्र ते कमकुवत आहे. पानं वाकडी होतात, पिवळी पडतात, बूड परत फुटतं. आणि त्याचा बारीक फवारा वाऱ्यावर गेला की टोमॅटो, द्राक्ष, कापूस, गुलाब यांची पानं वेडीवाकडी होतात. द्राक्षबागायतदार शेजारच्या उसातल्या 2,4-डीला का घाबरतात ते सांगायला नको. तुमच्या कंपाउंडला लागून शेजाऱ्यांची परसबाग आहे, असं तुम्हीच लिहिलंय. ग्लायफोसेट तर गवतासकट सगळं मारतं, आणि 2022 मध्ये केंद्र सरकारने त्याची फवारणी परवानाधारक कीडनियंत्रकांपुरती मर्यादित केली. ‘माळी आणतो कुठून तरी’ हे उत्तर तिथे चालत नाही.

राहिली तुमची बाटली. लेबलवर ट्रायक्लोपिर हे तणनाशक लिहिलंय असं तुम्ही म्हणता. अमेरिकेत आंबुशीवर ते खरोखर वापरतात. पण तिकडे ज्याला बर्म्युडा गवत म्हणतात त्याला त्याने इजा होते असा इशाराही असतो, आणि बर्म्युडा म्हणजेच आपली हरळी. म्हणजे तुमच्या लॉनवर ते मारलं तर आंबुशीआधी सिलेक्शन करपेल. केंटकी ब्लूग्रास किंवा फेस्क्यू या तिकडच्या थंड हवेच्या गवतांच्या लॉनवाल्याने लिहिलेला रिव्ह्यू वाचून तळेगावला औषध मागवायचं नाही, एवढाच याचा अर्थ.

औषधाच्या मी सरसकट विरोधात नाही. गोल्फ कोर्सचं मैदान असेल, दहा एकर असतील, तर खुरपं घेऊन बसा म्हणणं मूर्खपणा आहे. तिथे काय वापरायचं ते ठरवायला माणसं ठेवलेली असतात, मोजमाप असतं, मुलं-कुत्री आत सोडलेली नसतात. हजार फुटांच्या अंगणात, जिथे तुमची नात अनवाणी खेळते, तिथे दोन सकाळी खुरपणं स्वस्त पडतं. मुलं आंबुशी तोडून चघळतात, हेही विसरू नका. न फवारलेली असेल तर त्यात घाबरण्यासारखं काही नाही. आमच्याकडे कोवळी आंबुशी चुक्याच्या जागी डाळीत पडते, चटणीही होते. ऑक्झॅलिक आम्ल असतं, तेव्हा मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी हात आखडता घ्यावा. लॉनलगत बुटकं उडणारं फिकट निळं फुलपाखरू दिसत असेल तर त्याच्या अळ्याही आंबुशीवरच वाढतात. कुंपणाकडेला हातभर पट्टा त्याच्यासाठी ठेवायला कोणाची हरकत नसावी, फक्त शेंगा पिकायच्या आत त्यावर कात्री फिरवा.

काही गोष्टी मी फोटोवरून ठरवू शकत नाही, त्या तुम्ही बघा. पायरीजवळ दिवसाला किती तास ऊन येतं ते एका सुट्टीच्या दिवशी मोजा. सहा तास असेल तर वर लिहिलेलं सगळं लागू. तीन-चार तासच असेल तर सिलेक्शन तिथे कधीच दाट होणार नाही, आंबुशीला मात्र सावली चालते, आणि तुम्ही दर वर्षी खुरपत राहाल. मग तिथे लॉनचा हट्ट सोडून फरशी किंवा कुंड्या पुढे आणणं बरं. दुसरं, लॉनवर दोरीने एक मीटरचा चौकोन चार-पाच ठिकाणी टाकून बघा. निम्म्याहून जास्त भाग तणाचा निघाला, तर डागडुजीत पैसे घालू नका. तेवढा तुकडा खणून, माती चाळून, पाणी देऊन उगवेल ते तण दोनदा उपटून मगच जूनमध्ये नवीन गवत लावा. एक-चतुर्थांशाच्या आत असेल तर नुसती खुरपणी, पाणी आणि कापणी बदलून भागेल. मधलं काही असेल तर या वर्षी खुरपा आणि पुढच्या ऑगस्टमध्ये परत मोजा.

आंब्याखालचा शेवटचा प्रश्न. मायक्रोक्लोव्हरचं बी टाकू नका. ते पांढऱ्या क्लोव्हरचीच बारीक पानांची जात आहे. ऑक्टोबरात पेरलं तर डिसेंबर-जानेवारीत छान दिसेल, फोटो काढून मुलाला पाठवाल, आणि एप्रिलमध्ये तिथे परत माती असेल. आंब्याची दाट सावली आणि वरवर पसरलेली मुळं यांच्यात कोणतंच लॉन धड राहत नाही. शेंगदाण्याच्या कुळातलं पिवळ्या फुलांचं पिंटो पीनट नर्सरीत मिळतं, पण ते झाडाच्या घेराबाहेर, जिथे निम्मा दिवस तरी ऊन येतं तिथेच लावा. घेराच्या आत मोंडो गवताचे ठोंब चालतात, वाढ मात्र सावकाश. मी असतो तर आत काहीच लावलं नसतं. आंब्याचा स्वतःचा पाला रोज झाडून जाळण्याऐवजी तिथेच तीन इंच पसरला असता, खोडापासून हातभर जागा मोकळी सोडून, आणि चालायला चार शहाबादी फरशा टाकल्या असत्या. तीन इंच पाल्याखाली आंबुशीचं बी रुजत नाही, आणि आंब्यालाही तो पाला लॉनपेक्षा मानवतो.